वनकायदा की वनसेवा? आधी बी.एस्सी. होऊ द्या

आरमोरीहून एका वडिलांनी विचारलंय : मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला जंगलाच्या कायद्यात काम करायचंय. घरच्यांना वाटतं वनाधिकारी व्हावं. 'कायद्यानं पोट भरेल का? बीए-एलएलबीला घालू का?'

नमस्कार. बीए-एलएलबीला आत्ताच घालू नका. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित असे ठरावीक विज्ञान विषय असलेली पदवी, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. नुसत्या बीए-एलएलबीवर अर्जच करता येत नाही. तिनं वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करावं, मग तीन वर्षांचं एलएलबी. वर्ष जास्त जाईल, पण दोन्ही वाटा मोकळ्या राहतील.

आता पोटाचं. 1927 च्या वन कायद्याचा भर सरकारचा ताबा आणि महसूल यांवर होता. 1952 च्या धोरणानंही गावाच्या गरजेपेक्षा राष्ट्रीय गरज वर धरली. 1988 च्या धोरणानं महसूल मागे ठेवून पर्यावरणाचा समतोल आणि स्थानिकांच्या गरजा पुढे आणल्या. तरी धोरण म्हणजे कायदा नव्हे. जंगलावर जगणाऱ्यांना हक्क मिळाला तो 2006 च्या वनहक्क कायद्यानं. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावानं मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला. बांबूही गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, ठरला होता, पण वाहतूक परवान्यावरून तो अडला. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. हक्क आणि परवाना यांच्यामधल्या जागेतच कायदा जाणणाऱ्या माणसाची गरज असते. वन संवर्धन कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनं 'वन' कशाला म्हणायचं हाच वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात नेलाय. ग्रामसभांना, संस्थांना, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात लढणाऱ्या वकिलांना अशी माणसं हवीत. सुरुवातीला पैसा बेताचाच असतो, हे मात्र घरात सगळ्यांनी धरून चालावं.

तिला वर्षं आणि कलमं पाठ करायला लावू नका. सुटीत जवळच्या एखाद्या ग्रामसभेकडे सामूहिक दाव्याची फाइल पाहायला मागा. त्यात निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी नोंद), हद्दीचा नकाशा, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब, ठराव असं काय काय असतं. दावा उपविभागीय समितीतून जिल्हा समितीकडे कसा गेला तेही दिसतं. ती वाचून पडलेले प्रश्न तिनं स्वतः मला लिहून पाठवावेत. कॉलेजांची यादी त्यानंतर करू.