१४ वर्षांच्या मुलीला स्वतःचा डॉक्टर निवडू द्यावा का?

हो, द्यावा, पण सगळी यादी तिच्यावर सोडू नका. पात्रता, अंतर आणि खर्च पाहून दोन-तीन नावं तुम्ही काढा, त्यातलं एक तिला निवडू द्या. या वयात पाळी, मुरुम, वजन, झोप, मनाची घालमेल असे विषय येतात, आणि समोरच्या माणसाचा संकोच वाटला की मुलं 'काही नाही, बरंय' म्हणून मोकळी होतात. मग निदान अर्ध्या माहितीवर होतं. डॉक्टर स्त्री हवी की पुरुष, हे तिलाच ठरवू द्या. लहानपणापासूनचे बालरोगतज्ज्ञ तिला आवडत असतील तर बदलायची घाई नको.

पहिली भेट किरकोळ कारणासाठी ठेवा, उदाहरणार्थ राहिलेली लस. जाण्याआधी दवाखान्यात विचारा: डॉक्टर मुलांशी काही वेळ एकट्याने बोलतात का, आणि त्यातलं काय पालकांना सांगतात? जीवाला धोका किंवा अत्याचाराची शंका असेल तर गुप्तता राहत नाही, हे चांगला डॉक्टर सुरुवातीलाच सांगतो. जुने आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधं एका कागदावर लिहून तिच्याच हातात द्या. बहुतेक वेळा गाडी अडते ती पालकच मध्ये उत्तरं देतात म्हणून.

तातडीच्या वेळी मात्र ही निवड बाजूला. जवळचा दवाखाना गाठा. उपचारांची संमती अल्पवयीन मुलगी स्वतः देऊ शकते का, हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतं.