घरातल्या प्लास्टिकच्या डब्यापासून फिश टँकचा फिल्टर बनवता येतो का?

येतो, आणि छोट्या टाकीला मस्त चालतो. अर्धा लिटरचा झाकणाचा डबा घ्या. लोणच्याचा नको, तेलाचा वास काही केल्या जात नाही.

झाकणाच्या मधोमध भोक पाडून अर्धा इंची पाइप घट्ट बसवा. त्याचं खालचं टोक तळापासून बोटभर वर राहू द्या. बाकीच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने बारीक भोकं पाडा. डब्यात तळाला धुतलेले खडे, वर स्पंज. खडे कंजूषपणे घालू नका. माझा पहिला डबा रात्रीतून तरंगून वर आला होता! एअर पंपाची नळी पाइपात, त्याच्या खालच्या टोकापर्यंत सोडा. बुडबुडे वर जाताना पाणी सोबत नेतात, आणि तेवढंच पाणी भोकांतून, स्पंजमधून आत येतं.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

स्पंजमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) पचवणारे जिवाणू वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर मासे कमीच ठेवा. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने हे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत पिळायचा.