थंडीत जाई-जुईला युरिया नको, द्राक्षाची औषधं तर नकोच नको

निफाड, दिंडोरी, चांदवड सगळीकडून एकच प्रश्न येतोय, जाई-जुईची पानं पिवळी पडली, शेंडे करपले, दुकानदार म्हणतो युरिया टाका नि वरून बूस्टर (वाढीचं टॉनिक) मारा, मारू का? आणि मळ्याच्या गेटवर थंडी सोसणारी वेल कुठली लावू?

मारू नका. पारा ७-८ अंशांवर आला की मुळं अन्न उचलायचं काम फार मंद करतात, म्हणून पान पिवळं दिसतं, खत कमी पडलं म्हणून नाही. युरिया दिला आणि मधेच दोन दिवस ऊब पडली की कोवळी फूट निघते, मग पुढच्या कडक रात्री सगळ्यात आधी तीच जळते. नोव्हेंबर ते जानेवारी युरिया बंद म्हणजे बंद, मूठभरसुद्धा नको.

आता आपल्या भागातलं खास खूळ. द्राक्षबागेतली उरलेली जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) गेटवरच्या वेलीवर मारायची. बोगनवेलीला जीएने फूल येत नाही, उलट मागे पडतं, नुसत्या काड्या लांब सुटतात. आणि पेस्टिंगचं, म्हणजे छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला डोळे फुटायला लावतात ते, हायड्रोजन सायनामाईड हिरव्या वेलीवर गेलं की पान-फूट जळून जाते, शिवाय ते हाताळल्यावर दारू घेतली तर माणूस गंभीर आजारी पडतो हे बाटली विकताना कोणी सांगत नाही. दुकानदाराला बाटली खपवायची असते, वेल तुमची जळणार आहे.

करायचं काय तर पाचट (उसाचा वाळलेला पाला) टाका. बुंध्याभोवती ३-४ इंच जाड थर, खोडापासून चार बोटं लांब. मी प्रत्येकाला हेच सांगतो कारण फुकटात होतं, माती रात्री एकदम गार पडत नाही आणि ओल टिकते. जास्त थंडी असेल तेव्हा पहाटे विहिरीचं पाणी हलकंसं द्या, पहाटे ते बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं, पण आळं तुडुंब भरू नका, गारठ्यात मुळं कुजतात. पाचट असताना जवळपास शेकोटी मात्र पेटवू नका.

करपलेले शेंडे आत्ता छाटायचे नाहीत. कितीही वाईट दिसू द्या. वाळलेली फांदी खालच्या डोळ्यांना आडोसा देते, आणि आत्ता कात्री लावली की परत तीच कोवळी फूट नि तेच जळणं. जुईची छाटणी एरवी जानेवारीच्या शेवटी होते, थंडी लांबली तर तुम्ही फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. शेणखत त्यानंतरच. चुनखडीच्या रानात नवी पानंही पिवळी आली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तरच फेरस सल्फेट ५ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी. दुप्पट केलं की पान काळं पडतं, दुप्पट करू नका.

गेटसाठी संक्रांत वेल लावा, ऐन जानेवारीत केशरी फुलांनी भरते. बोगनवेल पण चालते, पाणी कमी द्या एवढंच. मधुमालती थंडीत पानं टाकते, ती मेली समजून उपटू नका, मार्चमध्ये फुटते. अलमंडा निफाडकडे नकोच. रोप जून-जुलैतच लावायचं, नर्सरीवाला आत्ता घ्या म्हणाला तरी घेऊ नका. स्वीट पी ही फुलवेल बियांपासून येते, पण ती ऑक्टोबरात पेरायची, यंदा वेळ गेली.

योजनेचं कोणी विचारलंय, रोहयोतून फुलपिकात मोगरा बसतो, गेटची वेल नाही. जॉबकार्ड, सातबारा घेऊन सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) भेटा.

आणि कोणी आधीच काही मारलं असेल तर बाटलीच्या लेबलचा फोटो आधी पाठवा, त्यावर उतारा म्हणून दुसरी बाटली आणू नका.