वय वाढलं की शहाणपण आपोआप येतं का?

आपोआप? नाही. शब्दसंग्रह आणि साठलेलं ज्ञान बरीच वर्षं वाढत राहतं. नवं कोडं झटपट सोडवण्याचा वेग मात्र तरुणपणानंतर हळूहळू उतरतो. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे हे दोन प्रकार वेगळे मांडले. पण नुसता साठा म्हणजे शहाणपण नव्हे. 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणत समोरच्याचं बोलणं तोडणारे कमी नसतात (कधीकधी मीही त्यातलाच).

डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात चाचणीत सर्वांत मागे पडलेल्यांनीच स्वतःला सर्वांत जास्त फुगवून मोजलं होतं. आपल्याला कमी येतं, हे कळायलाही थोडं यावं लागतं!

मला उपयोगी पडलेली सवय एकच: 'मला माहीत नाही, जरा समजावून सांग' हे वयानं लहान असलेल्यांनाही म्हणणं. सुरुवातीला जीभ अडखळते.