सपाट पाय असतील तर धावण्याच्या बुटात वेगळा इनसोल घ्यावा का?

रोज सकाळी पाच किमी धावता, पाय सपाट आहेत पण दुखत कुठेच नाही, आणि दुकानदार नव्या बुटांबरोबर तीन हजारांचा इनसोलही (बुटात तळव्याखाली घालायची गादी) घ्याच म्हणतोय. माझ्या मते घेऊ नका. ते पैसे चांगल्या बुटात घाला.

सपाट पाय म्हणजे आजार नव्हे. तळव्याची ठेवण बघून बूट ठरवायची पद्धत अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीनच्या प्रशिक्षणार्थींवर पडताळून पाहिली गेली. काहींना ठेवणीप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. २००९-१० मध्ये निष्कर्ष छापून आले: दुखापतींत फारसा फरक नव्हता.

म्हणून बूट पायाला बरा वाटतो का, हेच नीट बघा. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. धावताना घालता तेच मोजे न्या. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसेल तर साताऱ्याचा यवतेश्वर घाट उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. टाच निसटायला नको, चवडा आवळायला नको. चवडा रुंद म्हणून एक नंबर मोठा घेतात, मग टाच ढिली पडते. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद बूट मागा. दुकानाबाहेर थोडं पळून बघा. ‘वापरून सैल होईल’ असं कोणी म्हणालं तर तो बूट परत करा.

सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर मात्र इनसोल वापरून बघण्यात अर्थ आहे. त्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात (२००६) तीन महिन्यांनी हालचालीत थोडी सुधारणा दिसली, वर्षअखेरीस ती उरली नाही. तयार इनसोल आणि मापानं बनवलेला महागडा इनसोल, दोन्हींचा गुण साधारण सारखाच. तेव्हा आधी साधा तयार घ्या, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम सुरू करा, आणि बुटातला मूळचा काढूनच नवा घाला. एकावर एक घातले की टाच वर येते आणि बूट चावतो.

मधुमेहामुळे तळवे बधिर झाले असतील, तर यातलं काहीच लागू नाही. तिथे बूट आणि इनसोल दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.