‘मॅडम, हे कायमचं टिकेल ना?’

मी समुपदेशक. केशरोपणाच्या विचारात असलेली मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, लोकांत जावंसं वाटत नाही म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र हा प्रश्न येतोच. पूर्वी मी म्हणायचे, हे डॉक्टरांना विचार. आता तसं म्हणत नाही.

२५ वर्षांचा एक मुलगा (तपशील अर्थातच बदललेत) रोज सकाळी भुवईपासून केसांपर्यंत बोटं लावून कपाळ मोजायचा. “साडेचार बोटं झालंय. एकोणिसाव्या वर्षी साडेतीन होतं.” त्याला ती साडेतीन बोटं परत हवी होती.

माहिती त्याला तोंडपाठ होती. डोक्याच्या मागच्या भागातले केस टक्कल आणणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. नॉर्मन ओरेंट्रिच या त्वचारोगतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे मांडलं, त्यावरच हे सगळं उभं आहे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे येऊ लागतात आणि खरा निकाल दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं.

“म्हणजे लावलेले बहुतेक टिकतात,” मी म्हटलं. “आणि त्यांच्या मागचे, तुझे मूळचे?”

“ते गळत राहू शकतात.”

“मग?”

तो गप्प. हे त्यानं वाचलेलं होतं, फक्त स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. पुढे दाट पट्टा आणि मागे मोकळं मैदान, असं पाच-दहा वर्षांनी होऊ शकतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया. आणि डोक्याच्या मागच्या भागातला साठा तर मर्यादित. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही.

मी कागद पुढे सरकवला. “पन्नासाव्या वर्षीचा तुझा चेहरा काढ.”

त्यानं डोळ्यांखाली सुरकुत्या काढल्या, गाल ओघळवले, चष्मासुद्धा दिला. मग सवयीनं वर साडेतीन बोटांवर केसांची सरळ रेघ ओढली. कागदाकडे बघत राहिला आणि फसकन हसला. “हा टोप घातलेला माणूस दिसतोय!”

त्या हसण्यासाठी मी सहा भेटी थांबले होते. केस असावेत ही इच्छा आहे, त्यात गैर काहीच नाही. पण एकोणिसाव्या वर्षाचंच कपाळ असलं पाहिजे, नाहीतर मी कुणी नाही, हा हट्ट. झोप उडवतो तो हट्ट, केस नव्हे. माझं सगळं काम या दोहोंमधल्या फटीत चालतं, आणि ती फट मला आता बरी सापडते.

म्हणून आता मीच सांगते: सर्जनला ‘टिकेल का’ एवढंच विचारू नका. माझं गळणं स्थिरावलंय का? आज आखलेली रेघ पन्नाशीत शोभेल का? पुढे गळलं तर मागे किती साठा उरेल? मूळचे केस राखायला फिनास्टेराइड किंवा मिनॉक्सिडिलसारखं औषध घ्यावं लागेल का, त्याचे दुष्परिणाम काय, बंद केलं तर काय होतं? विशीतल्या मुलाला ‘थोडं थांब’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्यावर चिडू नका.

हा मुलगा सध्या थांबलाय, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध घेतो. बोटं अजून लावतो. पण रोज नाही, पहिल्या तारखेला. मधल्या काळात दाढी वाढवलीय. ती मी सुचवलेली नव्हती.