प्रजासत्ताक आणि लोकशाही एकच का?

प्रश्न असा आहे: २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो, तर प्रजासत्ताक म्हणजेच लोकशाही ना? आणि राजाच उरला नाही तर ही 'प्रजा' कशाला, हिंदीतलं गणतंत्र जास्त बरं नाही का?

आधी पहिलं. एकच नाहीत, आणि हा घोळ मिटायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. देशाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसणारा माणूस वारसाहक्कानं येतो का नाही, प्रजासत्ताक एवढंच सांगतं. सरकार लोकांनी निवडलंय का आणि पुढच्या वेळी त्यांना ते बदलता येतं का, हा प्रश्न लोकशाहीचा. ब्रिटन, जपान, नॉर्वे इथे चांगली लोकशाही आहे पण गादीवर राजा किंवा सम्राट आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाहीत. चीन प्रजासत्ताक आहे, पण तिथे सत्ताधारी पक्ष मतदानानं बदलायची सोयच नाही. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात तर लोकशाही पण आहे आणि प्रजासत्ताक पण, आणि सत्तेवर किम घराण्याची तिसरी पिढी.

आपलंच बघा ना, १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं तरी कागदोपत्री सहावा जॉर्ज आपला राजा होताच, त्याच्या वतीनं आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते, आणि २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली तेव्हा कुठे तो राजा गेला. त्या दिवशी बदललं ते हे, म्हणून नाव प्रजासत्ताक. सगळ्या प्रौढांच्या मतदानानं पहिली लोकसभा निवडणूक झाली ती १९५१-५२ मध्ये.

आता शब्द. लोकशाहीतली 'शाही' फारसी 'शाह' वरून, म्हणजे राजा. पुणं आधी निजामशाहीत होतं, मग आदिलशाहीत, म्हणजे हा प्रत्यय आपल्या मातीत चांगला मुरलेला, पुढे त्याच साच्यातून हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही निघाले. शिवशाही सोडली तर यातला जवळपास प्रत्येक शब्द आपण तक्रार करतानाच वापरतो. लोकशाही तेवढी हक्कानं मागायची. राजाच्या जागी लोक बसवले आणि शेपूट तसंच ठेवलं, मला तर हा शब्द फार आवडतो.

प्रजासत्ताक हे मुळात विशेषण, प्रजासत्ताक राज्य, त्याच्या उलट राजसत्ताक. 'प्रजा' म्हणजे संस्कृतात अपत्य, संतती. घरात पोरं जमली की आजी म्हणते ना, "केवढी ही प्रजा!", तोच अर्थ. राजा बाप आणि रयत लेकरं, या कल्पनेतून तो रयतेला चिकटला. त्यामुळे खटकणं अगदी रास्त आहे. नेपाळात हा वाद नुसता शब्दांचा राहिला नाही. १९९० च्या आंदोलनाचा शब्द प्रजातंत्र होता, २००६ च्या आंदोलनात तो मागे टाकून लोकतंत्र पुढे आणला, कारण प्रजा म्हटलं की राजा आलाच, आणि मे २००८ मध्ये तिथली राजेशाही संपली.

मागे पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत लोकशाही दिनाला गेलो होतो. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक काका, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून हवं होतं. अर्ज मला वाचायला दिला. सुरुवातच "मायबाप सरकार". मी म्हटलं, काका, नुसतं "महोदय" लिहा की. म्हणाले, "असू दे हो, वडील असंच लिहायचे." आजूबाजूला लोकशाही दिनाचा फलक आणि हातात लेकरानं बापाला लिहिलेला अर्ज. प्रजा हा शब्द अजून किती खोल बसलाय ते मला त्या बाकावर कळलं.

तरी मी प्रजासत्ताक सोडा म्हणणार नाही, कारण त्यात पुढे 'सत्ता' जोडलेली आहे, लेकरं म्हणून ज्यांना गप्प बसवलं त्यांच्याच हातात. ज्यांना प्रजा नकोच त्यांना परकं गणतंत्र आणायची गरज नाही, संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' आहे, शाळेत पोरं म्हणतातच. आणि बघा, तिथे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेत, एकानं भागलं असतं तर दुसरा कशाला लिहिला असता?

फक्त २६ जानेवारीच्या शुभेच्छांत 'लोकशाही दिन' लिहू नका. महाराष्ट्रात लोकशाही दिन म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात न् महापालिकेत तक्रारी ऐकायचा दिवस, त्या काकांचा.